भोक पाडण्याआधी

आमच्या शिडाच्या होडीवरचं जिबच्या दोराचं जुनं क्लीट काढलं, त्याखालची लाकडी बैठक पटाशीने हलकेच उचकटली, आणि डेकवर भोकांच्या दोन जोड्या दिसल्या. एक जोडी आम्ही आत्ताच बोल्ट काढून मोकळी केलेली. दुसरी तिच्यापासून तीन बोटं आत, कॉकपिटच्या कडेकडे सरकलेली, सागाच्या बारीक खुंट्या ठोकून बुजवलेली. खुंट्या काळ्या पडल्या होत्या, नख लावलं की भुगा निघत होता. मेस्त्री म्हणाले, "ताई, ही पण साफ करून भरून टाकू ना?" हो म्हणायला काहीच हरकत नव्हती, कुजलेलं लाकूड कुणी डेकमध्ये ठेवत नाही. तरी मी त्यांना थांबायला सांगितलं आणि त्या दिवशी आम्ही दुसऱ्या बाजूचं काम काढलं. शेडच्या पत्र्यावर पाऊस कोसळत होता, व्हर्निश आणि ओल्या दोराचा वास कोंडला होता, आणि माझं लक्ष राहून राहून त्या खुंट्यांकडे जात होतं. ते क्लीट तीन बोटं आत कुणासाठी बसवलं असेल?

हे क्लीट म्हणजे स्प्रिंगवर फिरणारे दोन दातेरी जबडे. पुढच्या लहान शिडाचा, जिबचा, दोर त्यांत दाबला की अडकतो, वरच्या दिशेने झटका दिला की सुटतो. वारा वाढला की होडी कलते. तिला सरळ ठेवायला दोघंही वाऱ्याच्या बाजूला डेकवर बसतात आणि पायपट्ट्यांत पावलं अडकवून अंग पाण्यावर बाहेर टाकतात. जिब मात्र पलीकडे, खाली गेलेल्या बाजूला ताणलेलं असतं, आणि त्याचं क्लीटही तिकडेच. झोत आला की जिब सोडायचं, तर होडीच्या रुंदीपलीकडच्या त्या दोराला नेमका झटका देता आला पाहिजे. उंच, लांब हातांच्या माणसाला क्लीट कडेला असलं तरी चालतं. ज्याचे हात तोकडे त्याला ते आत लागतं. म्हणजे या होडीवर कधीतरी कुणी लहानखुरं माणूस जिब सांभाळत होतं. पुढे ते माणूस गेलं आणि दुसरं आलं, किंवा तेच माणूस वाढलं. खुंट्या दोन्ही गोष्टी सांगतात, कुठली खरी ते सांगत नाहीत.

होडी एंटरप्राइझ जातीची. सव्वातेरा फूट लांब, दोघांची, निळ्या शिडांची. इंग्लंडच्या जॅक होल्ट यांनी 1956 साली ती आखली ती प्लायवूडमधून कुणालाही घरी बांधता यावी अशी. त्याच वर्षी जानेवारीच्या थंडीत तिचे दोन पहिले नमुने रात्री इंग्लिश खाडी ओलांडून गेले. आपल्याकडे लष्कर, नौदल आणि जुने क्लब यांच्यामुळे ती रुजली. 1982 चं एशियाड दिल्लीला झालं, पण शिडांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या, हे शाळेत आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. फायरबॉल जातीच्या होडीत फारूख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी भारतासाठी सुवर्णपदक मिळवलं. एंटरप्राइझचं सुवर्णपदक गेलं कराचीला, बायराम आणि गोश्पी आवारी या पारशी नवराबायकोकडे. गोश्पीबाईंचं ते पदक पाकिस्तानी स्त्रीने एशियाडमध्ये मिळवलेलं पहिलं सुवर्ण. हे वाचल्यापासून मी आमच्या होडीकडे वेगळ्या नजरेने बघते. आमच्या होडीचा त्या शर्यतीशी काही संबंध आहे असं मला म्हणायचं नाही. पण तसल्याच सव्वातेरा फुटांत, याच पाण्यावर, दुपारच्या वायव्येच्या वाऱ्यात एक बाई पलीकडच्या दोरापर्यंत हात पोचवत होती. तिच्या होडीत क्लीट कुठे होतं?

नवं सामान बसवायचं तर आधी जुनं सगळं काढावं लागतं, आणि सगळ्यात जास्त कळतं ते तेव्हाच. डोलकाठीला बाजूने धरून ठेवणाऱ्या तारा ज्या पट्ट्यांना बांधतात त्या बाहेरून झकास दिसत होत्या. बोल्टचं डोकं चमकत होतं, आतल्या बाजूला नटही चमकत होता. मेस्त्रींनी नट सोडवून बोल्ट खालून हातोडीने हलके ठोकून बाहेर काढला आणि काही न बोलता माझ्या हातावर ठेवला. दोन्ही टोकं कोरी, आणि मधला भाग, जेवढा लाकडात दडलेला होता तेवढा, उंदराने कुरतडल्यासारखा झिजलेला. स्टेनलेस स्टील गंजत नाही याचं कारण त्याच्यावर क्रोमियम ऑक्साइडचा एक अतिशय पातळ पापुद्रा असतो आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे तो खरवडला तरी पुन्हा धरतो. ओल्या लाकडात, बंद जागेत, खाऱ्या पाण्याखाली हवाच पोचत नाही. पापुद्रा मोडतो तो पुन्हा धरत नाही, आणि गंज आतल्या आत चालू राहतो.

त्या बोल्टवर डोलकाठी उभी होती.

नवे बोल्ट घ्यायला नागदेवी स्ट्रीटला गेले. तिथल्या दुकानांत शिरलं की मला वेळेचं भान राहत नाही. छतापर्यंत लाकडी खण, प्रत्येक खणावर दोऱ्याने बांधलेला नमुन्याचा एकेक बोल्ट, तेलाचा वास, आणि गल्ल्यावर बसलेला माणूस न उठता सांगतो की तुम्हाला हवं ते तिसऱ्या रांगेत आहे. स्टेनलेसच्या दोन जाती, तीनशे चार की तीनशे सोळा, हा पहिला प्रश्न. तीनशे सोळामध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या पाण्याला ते जास्त टिकतं. दिसायला दोन्ही सारखी. चुंबक लावून फरक कळत नाही. विश्वासू दुकानदार हाच त्यावर उपाय. सीएसके, म्हणजे पृष्ठभागात सपाट बुडून बसणाऱ्या डोक्याचे बोल्ट, आपोआप सैल न पडणारे नायलॉक नट, आणि मोठ्या घेराचे वायसर घेतले. वायसर मोठे लागतात कारण डेकचा प्लाय जेमतेम चार-पाच मिलिमीटरचा असतो. लहान वायसर ताणाखाली त्यातून आरपार निघून येईल.

खरं काम भोकाचं. डेक धड असतं तोवर पाणी वरून वाहून जातं. त्यात भोक पाडलं की प्लायचे सगळे थर उघडे पडतात आणि लाकूड तिथून पाणी पीत राहतं, भोकाभोवती हातभर अंतरापर्यंत काळं पडत जातं. म्हणून बोल्टच्या मापाचं भोक पाडायचं नाही. आधी मोठं पाडायचं, खालून टेप चिकटवून ते बंद करायचं, आतल्या भिंतींना पातळ इपॉक्सी, म्हणजे दोन द्रव मिसळले की कडक होणारी राळ, पाजायचं, मग भुकटी मिसळून श्रीखंडाएवढं घट्ट केलेलं इपॉक्सी ठासून भरायचं. ते कडक झालं की त्याच्या मधोमध बोल्टच्या मापाचं भोक. आता बोल्टभोवती लाकूड नाहीच, एक टणक नळी आहे. दाबाखाली ती चेपत नाही आणि तिच्यातून पाणी लाकडाला लागत नाही. एका क्लीटला दोन भोकं. सगळ्या होडीवरची मोजली तर कुणीही विचारेल, एवढा खटाटोप कशाला? मीही मेस्त्रींना विचारलं होतं. ते म्हणाले, "पाण्याला एक पुरतं."

मुंबईत ही कामं पावसाळ्यात करावी लागतात, कारण जून ते सप्टेंबर लहान होड्या बाहेर निघत नाहीत. आणि पावसाळा हा इपॉक्सीचा शत्रू. दमट हवेत ते वाळताना वर एक तेलकट, चिकट साय धरते. ती साध्या पाण्याने घासून धुतली नाही तर पुढचा थर धरत नाही, काही महिन्यांनी पापडीसारखा सुटून येतो. बोल्टभोवतीच्या फटीतून पाणी शिरू नये म्हणून लावायचं पॉलियुरेथेनचं सीलंट मात्र हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतं, त्याला जुलै मानवतो. एकाच शेडमध्ये, एकाच दिवशी, एक रसायन पावसामुळे अडून बसलेलं आणि दुसरं त्याच्याच जिवावर जुळून येतंय, हे बघत राहण्यात माझ्या कितीतरी दुपारी गेल्या. पाऊस उघडल्यावर दोन-तीन तास कोरडं ऊन मिळेल त्यात इपॉक्सी, आणि झड लागली की सीलंट, असं आमचं वेळापत्रक बसलं.

मेस्त्री रायगडकडचे. त्यांच्या वडिलांनी मचवे बांधले, यांनी कारखान्यातल्या फायबरच्या होड्यांवर उमेदीची वर्षं घालवली आणि आता पुन्हा लाकडाकडे आलेत. माझं आजोळ मालवणजवळ. तिथे लहानपणी रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, होड्या बघितल्या, त्या खिळ्याशिवायच्या. फळीला फळी काथ्याच्या दोरीने शिवलेली. टाक्याखाली काथ्या दाबून भरलेला, वरून उंडीचं तेल चोपडलेलं. तो कडवट, उग्र वास हाताला दिवसभर राहायचा. शिवण काही वर्षांनी सैल पडली की सगळी होडी उसवायची आणि पुन्हा शिवायची. तेव्हा मला वाटायचं, केवढी भोकं आहेत हिला, बुडत कशी नाही? टाक्याटाक्याला भोक होतं आणि प्रत्येक भोक भरलेलं होतं. 1963 साली इंग्लंडात मिरर नावाची लहान होडी निघाली, प्लायचे तुकडे तांब्याच्या तारेने टाचायचे आणि सांध्यांवर काचपट्टी आणि राळ चढवायची. हजारो लोकांनी ती घरी बांधली. तिच्याबद्दल वाचताना मला वाळूत उपडी पडलेली रापणीची होडी आणि तिच्यावर वाकलेले लोक आठवले. मेस्त्रींना हे सांगितलं तर ते लगेच म्हणाले की शिवलेली होडी लाटेत लवते, फुटणाऱ्या लाटांत किनाऱ्यावर आपटली तरी फुटत नाही, खिळ्यांची तडकते. आम्ही ज्या कामावर होतो ते लवणारं नव्हतं, तरी त्या वाक्यानंतर मी प्रत्येक नट आवळताना जरा सावकाश झाले.

क्लीटची जागा ठरवायला भाचीला आणलं. ती अकरावीत आहे, गेल्या हिवाळ्यापासून माझ्याबरोबर जिब सांभाळते, आणि माझ्यापेक्षा वीतभर बुटकी आहे. जमिनीवर, ट्रॉलीवर उभ्या होडीत बसून "इथे बरं वाटतं" असं कुणीही सांगेल. ते खरं नसतं. होडी सरळ असते, दोरात ताण नसतो, बोटं कोरडी असतात. म्हणून आम्ही क्लीट आधी एका प्लायच्या पट्टीवर बसवलं, पट्टी डेकच्या कडेला क्लॅम्पने धरली, आणि पाऊस मागे हटल्यावर पहिल्यांदा पाण्यात उतरलो ते तशाच अर्धवट होडीतून. सकाळी जमिनीवरचा मंद वारा, पाणी तेलासारखं. दुपारी वायव्येकडून वारा सुरू झाला आणि होडी कलली तेव्हा भाची ओरडली, "मावशी, हे लांब आहे गं!" परत येऊन क्लॅम्प सरकवला. पुन्हा गेलो. जिबचा दोर ज्या कडीतून वळतो तिचीही जागा त्याच फेऱ्यांत सापडली. दोराची रेषा पुढे वाढवली तर ती जिबच्या पुढच्या कडेच्या साधारण मध्याला भिडावी, हा सुरुवातीचा ठोकताळा. मग शिडावरचे लोकरीचे धागे बघायचे. वरचे आधी फडफडले तर कडी पुढे घ्यायची, खालचे आधी फडफडले तर मागे. हे डोळ्यांना दिसतं, त्यावर वाद होत नाही. क्लीटचं तसं नाही, ते फक्त हाताला कळतं, आणि हात तिचा होता.

शेवटी तिने पेन्सिलने खूण केली ती त्या जुन्या खुंट्यांपासून बोटभरसुद्धा लांब नव्हती.

मला भरून आलं, ते मी तिला दाखवलं नाही. मेस्त्रींना दाखवलं. त्यांनी खाली वाकून पाहिलं, मान हलवली आणि म्हणाले, "मग जुन्याच भोकात नको, ताई. थोडं बाजूला घेऊ, चांगल्या लाकडात." त्यांचं बरोबर होतं.

बोल्ट आवळायला दोन माणसं लागतात आणि ती एकमेकांना दिसत नाहीत. मी वर, स्क्रू ड्रायव्हर घेऊन. मेस्त्री डेकखाली उताणे, झडपेतून खांदा आत घातलेला, पान्हा अंदाजाने नटावर. भोकाचं तोंड वरून थोडं पसरट करायचं, म्हणजे बोल्टच्या मानेभोवती सीलंटचं कडं राहतं. आजूबाजूला टेप लावायचा. बोल्ट बसवून सीलंट चारी बाजूंनी सारखं बाहेर येईपर्यंतच आवळायचं आणि थांबायचं. तेव्हाच पूर्ण आवळलं तर सगळं सीलंट निघून जातं आणि धातू कोरड्या लाकडावर टेकतो. ते घट्ट होऊ द्यायचं, आणि मग शेवटचा पाव फेरा द्यायचा, तोही फक्त खालच्या नटाला. वरचं डोकं फिरलं तर नुकतंच धरलेलं कडं फाटतं. म्हणजे माझं काम काहीही न हलू देण्याचं, आणि फिरवण्याचं काम त्यांचं. बोलून उपयोग नव्हता, पावसात आवाज पोचत नव्हता, म्हणून ते खालून एकदा ठोकायचे, मी दोनदा. काही दिवसांनी मला त्यांच्या ठोकण्यावरून नट कुठवर आलाय ते कळू लागलं. सिलिकॉन मात्र आम्ही कुठेच वापरलं नाही. स्वस्त असतं, सोपं असतं, पण एकदा लागलं की त्या जागी नंतर रंग, इपॉक्सी काहीच चिकटत नाही. पुढच्या माणसाला ती जागा कायमची खराब करून ठेवायची हे मला पटत नाही.

कुठल्या कप्पीला किती जाड बोल्ट, यातही अंदाजाला वाव नाही. दोर कप्पीतून वळून उलट दिशेला आला तर कप्पीवर दोराच्या ताणाच्या दुप्पट भार येतो. काटकोनात वळला तर जवळजवळ दीडपट. हाताला दोरात तेवढाच ताण जाणवतो, पण डेकला जाणवतो तो हा. आणि पायपट्ट्यांचं तर विचारूच नये. डेन्मार्कच्या पॉल एल्व्हस्ट्रॉम यांनी 1948 ते 1960 सलग चार ऑलिंपिकांत शिडांच्या शर्यतींत सुवर्णपदकं घेतली. ते घरी बाक बांधून त्यावर तासन् तास अंग बाहेर टाकण्याचा सराव करायचे. होडी चालताना आतलं पाणी आपोआप शोषून बाहेर टाकणारी जी झडप जगभर लहान होड्यांना बसवतात तीही त्यांचीच. आमच्याही होडीच्या तळाला आहे. असं बाहेर झुकलेलं सगळं अंग दोन पट्ट्यांवर आणि त्यांच्या टोकांच्या चार बोल्टवर असतं. त्यातला एक निघाला तर माणूस पाठमोरा पाण्यात. भाची बसणार त्या बाजूचे बोल्ट मी स्वतः निवडले, स्वतः धुतले, आणि खालच्या बाजूला वायसरखेरीज पितळी पट्टी टाकायला लावली. मेस्त्रींना ती जास्तीची वाटली. बोलले नाहीत.

आधाराचा तुकडा मात्र त्यांनी स्वतःहून जास्तीचा केला. क्लीटखाली डेकच्या आतून प्लायचा तुकडा चिकटवतात, ताण पसरावा म्हणून. क्लीटपेक्षा थोडा मोठा असला की पुरे. त्यांनी कापून आणला तो हातभर लांब. मी विचारलं, एवढा? ते म्हणाले, "पोरगी अजून वाढेल. क्लीट सरकवायचं झालं तर खाली जागा पाहिजे ना?" जुन्या खुंट्या त्याच दिवशी निघाल्या. भोकं खरवडली, वाळवली, भरली. डेकला रंग द्यायचा की व्हर्निश यावर मी बरेच दिवस घुटमळले होते. रंगाने काम लवकर होतं आणि कडक उन्हात टिकतंही जास्त. व्हर्निश दिलं. त्यातून भरलेली भोकं गडद ठिपक्यांसारखी दिसतात. परवा शेडमध्ये कुणीतरी विचारलं, हे डाग गेले नाहीत का? मी त्यांना ते कुठले आहेत ते सांगितलं, एकेक करून, बराच वेळ.

आता उरलंय ते मेनशीटचं, म्हणजे मोठ्या शिडाच्या दोराचं क्लीट. बसवायचं की नाही यावर मावशी-भाचीचं एकमत नाही. माझं म्हणणं, मोठ्या शिडाचा दोर हातातच हवा. झोत आला की तो सोडायला अर्धा क्षण मिळतो. क्लीटमध्ये तो अडकलेला असला, आणि होडी कलल्यामुळे दोराचा कोन बदलला, तर झटका देऊनही सुटत नाही, आणि होडी उलटते. तिचं म्हणणं, दोन तास दोर धरून बोटं वळत नाहीत, आणि ती आता सुकाणूवरही बसायला लागली आहे, तेव्हा एक हात तिला मोकळा हवा. मधला मार्ग म्हणून रॅचेटची कप्पी बसवली. ती एका दिशेने फिरते, उलट दिशेने दोराला धरून ठेवते, त्यामुळे हातावरचा भार बराच कमी होतो. तिला तेवढ्याने समाधान नाही. बहिणीचं मत विचारलं तर ती म्हणाली, तुमचं तुम्ही बघा, मला फक्त लाइफ जॅकेटबद्दल सांगा. येत्या रविवारी भाची क्लीट पट्टीवर बसवून, क्लॅम्पने धरून करून बघणार आहे. सुकाणूवर ती, जिबवर मी. वारा दहा नॉटच्या आत असला तरच, असं मी बजावलंय, आणि तिचं म्हणणं आहे की दहाच्या आत बघायला क्लीट लागतंच कशाला.